मंगलाने मोजलेले ताबे

केळव्याच्या मंगलाचा गळा असा, की सुपारीच्या वाडीतून तिने हाक मारली तर समुद्रावरची मंडळी मागे वळून बघत. तिची मुलगी भाविका बोईसरच्या शाळेकडून बास्केटबॉल खेळायची, आणि प्रत्येक सामन्यात मंगला बाहेरून पंचांना त्यांच्या चुका समजावून सांगायची. शेवटी वैतागून शैलेश सरांनी, म्हणजे मुलींच्या प्रशिक्षकांनी, तिच्या हातात वही-पेन्सिल दिली.

"मंगलाताई, बॉल ज्यांच्याकडे येईल त्यांच्या नावापुढे एक रेघ मारा. त्याला ताबा म्हणतात. चाळीस मिनिटांत ताबे किती झाले, तो खेळाचा वेग."

मंगला सामनाभर चकार शब्द बोलली नाही. मुली हरल्या. तिने वही पुढे केली.

"आपले शहाण्णव, त्यांचे पंच्याहत्तर! एकवीस वेळा बॉल जास्त मिळाला, तरी हरलो. सर, त्या पंचाचं कायतरी काळंबेरं हाय!"

सरांना हसू आवरेना. "अहो, एकदा आपण, एकदा ते. मग एकवीसचा फरक पडेलच कसा? भाविकाचा नेम चुकला आणि बॉल परत आपल्याच मुलीने धरला, तर ताबा तोच चालू. त्यांच्या हाती गेला, की संपला."

"मंजे पोरीनं चारदा मारून चारदा चुकवला, तरी एकच रेघ?"

"एकच."

त्या संध्याकाळी भाविकाला एकवीस रेघांचा जाब द्यावा लागला.

पुढचा सामना पालघरला होता. सरांची सगळी विद्या एका शब्दात मावायची: "पळा!" मुली पळत होत्या, धापा टाकत होत्या. मध्यंतराला गुण होते आपले बावीस, त्यांचे तीस. मंगला वही घेऊन सरांसमोर उभी राहिली.

"सर, आपले ताबे बेचाळीस, त्यांचे एक्केचाळीस. तुमी पोरींना पळवता, बॉल लवकर त्यांच्याकडं जातो, मंग त्यांचेबी ताबे वाढतात. आपल्या दमून नेम चुकवतात. त्यांचा नाय चुकत."

सरांना राग आला, कारण ताबे मोजायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. पण वहीशी भांडणार कसे?

"सावकाश खेळा," ते मुलींना म्हणाले.

म्हणाले खरे, पण खेळ सुरू होताच त्यांचं तोंड उघडलं. मंगलाने पिशवीतून खोबऱ्याची वडी काढून पुढे केली. "खावा, सर." सर ओरडायला गेले, की वडी हजर. तिकडे मुली बॉल एकमेकींकडे देत, जागा बघून, नेम धरून मारू लागल्या. रेघा कमी पडत होत्या आणि गुण चढत होते. दहा सेकंद उरले तेव्हा आपले त्रेपन्न, त्यांचे बावन्न. बॉल भाविकाकडे. तिने तो नुसता धरून ठेवायचा होता.

मंगलाच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. वही खाली टाकून ती ताडकन उठली. "पळा! पळा!"

त्या गोंगाटात आवाज कोणाचा हे कोण बघतो? भाविकाच्या पायांना त्या शब्दाची सवय होती. ती सुटली ती थेट समोरच्या दोघींच्या अंगावर, आणि बॉल गेला. त्यांनी मारला, चुकला. त्यांनीच झेलून परत मारला. बॉल बास्केटच्या कड्यावर गरगर फिरला, बाहेर पडला, आणि शिट्टी झाली.

जिंकलो! मंगलाने खाली पडलेली वही उचलली.

भाविका घामाघूम, लालबुंद होऊन आली. "पळा म्हणून कोण ओरडलं?"

मंगलाने सरांकडे बोट दाखवलं. सरांच्या तोंडात अख्खी वडी होती.