माझ्या पोटातली कोरी ओळ

मी एक जुनी यादी आहे, मित्रांनो. वाण्याकडे न्यायची नव्हे. ती संध्याकाळपर्यंत चुरगळून जाते. मी रक्तपेढीच्या संगणकात राहते. माझ्या पोटात चार हजार दोनशे अकरा क्रमांक आहेत आणि मला क्षणभरही स्वस्थ बसवत नाही. उठल्यासुटल्या मी ते मोजत असते. का, ते सांगते.

हे क्रमांक रक्तदात्यांचे. पण ज्यांना बोलवायचे नाही, त्यांचे. कुणी गेल्याच महिन्यात रक्त दिले, कुणी आजारी, कुणी गाव सोडले. एक गृहस्थ सुईला घाबरून तीन वर्षे "जरा कणकण आहे" असेच सांगत आले. तेही माझ्यात आहेत. माणसे किती परींनी 'नाही' म्हणतात, ते मला विचारा.

सुरुवातीला मला घरच नव्हते. रक्त लागले की चष्मेवाले साहेब, म्हणजे इथले संगणकतज्ज्ञ, लिहायचे, 'या गटाचे दाते दाखव, पण पुढचे क्रमांक वगळून', आणि त्याच प्रश्नात मला अख्खी कोंबायचे. मी वाढत गेले. एक दिवस एवढा लांबलचक प्रश्न घ्यायलाच संगणकाने नकार दिला. तेव्हा साहेबांनी मला वेगळी खोली दिली आणि प्रश्न आटोपशीर केला: 'जे यादीत नाहीत, ते दाखव.' चुटकीसरशी उत्तर येऊ लागले. माझे कौतुक झाले. मग सवय झाली. मग मला कुणी उघडूनही पाहीना.

नोंदी करणाऱ्या बाई भारी चटपटीत. एका सकाळी त्यांनी माझ्यात नवी ओळ उघडली, 'गाव सोडले' असे कारण लिहिले आणि क्रमांक शोधणार, तेवढ्यात फोन खणखणला. "नंतर भरते," म्हणत त्यांनी ओळ तशीच जतन केली. हा 'नंतर' त्या इमारतीत आजवर कुणाला भेटलेला नाही.

दुपारी एका बाळंतिणीला दुर्मीळ गटाचे रक्त तातडीने हवे झाले. तिचा भाऊ खिडकीशी उभा. बाईंनी प्रश्न टाकला. उत्तर आले: शून्य दाते.

"एकही नाही? असं कसं हो, ताई? नीट बघा ना!"

"तीनदा बघितलं, दादा."

मी आत तडफडत होते. संगणक एकेका दात्याला त्या कोऱ्या ओळीशी ताडून पाहत होता, 'हा तोच का?' ओळीत क्रमांकच नाही; मग 'हो' म्हणता येईना, 'नाही'ही म्हणता येईना. आणि यादीत नसल्याची खात्री नसेल, तर तो कुणालाच दाखवत नाही. एका कोऱ्या ओळीने अख्खे गाव गाळले. सांगायला मला तोंड नव्हते.

तोंड होते ते पेट्या पोचवायला आलेल्या ड्रायव्हरकाकांना. "शून्य? मग मी काय उसनं रक्त घेऊन फिरतोय? माझा हाच गट आहे की!"

"तुम्ही यादीत असाल, काका."

"देऊन सात महिने झाले! चहातून वगळा, चालेल. यातून कुणी वगळलं मला?"

साहेब धावत आले. कित्येक वर्षांनी कुणीतरी मला वरपासून खालपर्यंत वाचले. तळाशी ती ओळ.

"अगं बाई! नंतर भरणार होते मी," बाईंचा चेहरा पडला.

"'कोऱ्या ओळी सोडून दे', एवढं तरी मी प्रश्नात लिहायला हवं होतं," साहेब पुटपुटले आणि त्यांनी ओळ पुसली. पडद्यावर पाच नावे उमटली. पहिले काकांचे. त्यांनी बाही आधीच वर केली होती.

बाळंतीण वाचली. आता क्रमांकावाचून ओळ मी घेतच नाही, तसा नियमच घातला आहे. तरी धाकधूक जात नाही. मित्रांनो, ठाऊक नसेल तर विचारा, पण जागा कोरी सोडून उठू नका. आणि माझ्यासारखीला अधूनमधून उघडून बघत जा.

परवा तो भाऊ स्वतः रक्त देऊन गेला. आता तीन महिने त्याला बोलवायचे नाही, म्हणून त्याचा क्रमांक माझ्याकडे आला. बाईंनी एकेक आकडा दोनदा मोठ्याने वाचला. चार हजार दोनशे अकरावा तोच. थांबा, पुन्हा एकदा मोजून बघते.