रोगणाखालचं गालबोट

मी ब्राह्मीची बाहुली बोलतेय. ब्राह्मीनं खेळायची नव्हे. हुबेहूब ब्राह्मीसारखी दिसणारी. आमचं घर निपाणीत, तंबाखूच्या वखारीमागं. येणारा प्रत्येक पाहुणा आधी शिंकतो आणि मग माझ्याकडं बघतो.

मला पांगाऱ्याच्या लाकडातून घडवलं जोतिबा चिताऱ्यानं. ब्राह्मीचं लग्न ठरलं, सासर लांब हुबळीचं. लेक गेल्यावर घर खायला उठणार, म्हणून तिच्या आईनं, राजमती आक्कांनी, तिच्याच तोंडवळ्याची बाहुली करायला सांगितली. वर अट घातली, "जत्रंतल्या बाहुलीगत चकाकाय नको. माझी लेक काय चकाकत न्हाय."

जोतिबानं डोकं खाजवलं. रंग टिकायचा तर वर रोगण हवंच, आणि रोगण म्हटलं की झिलई आलीच. मग त्यानं टर्पेंटाइनमध्ये मेण विरघळवून ते रोगणात घातलं. वास असा, की शेजारची म्हैस तोंड फिरवून बसली! पण नमुन्याच्या फळीवर ते वाळलं आणि झिलई पार गेली. फळीवर हात फिरवत तो स्वतःशीच हसला.

ब्राह्मी त्याच्यासमोर बसून कंटाळायची, जांभया द्यायची. तेच पेंगुळलेले डोळे मला मिळाले. ती सासरी गेली आणि पाठोपाठ आक्का मला बघायला आल्या. माझ्यावर रोगण चढायचं अजून बाकी होतं.

त्या बघतच राहिल्या. "बाई गं, आता बोलंल की ही!" म्हणाल्या, आणि सवयीनं स्वतःच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन त्यांनी माझ्या गालाला तीट लावली. पोरीला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून! पोर लाकडाची आहे, हे त्या विसरूनच गेल्या.

"आक्का, काय केलासा हे!" जोतिबा ओरडला. "कच्च्या रंगावर काजळ! पुसाय गेलो तर गालच निघून येतोय."

"मग पुन्ना रंगव."

"कुणाला बघून रंगवू? ब्राह्मीताई गेल्या हुबळीला. हे तोंड पुन्ना जमायचं न्हाय."

आक्कांचा चेहरा एवढासा झाला. मला मात्र खरं सांगायचं तर उत्सुकताच फार. गालावर काहीतरी नवं आलंय आणि मलाच ते दिसत नाही!

"ऱ्हाऊ दे तसंच," शेवटी आक्का म्हणाल्या. "तीट लावल्याली लेक काय वंगाळ दिसत न्हाय. वरनं रोगण दे."

कुंचला फिरवला असता तर काजळ गालभर पसरलं असतं. जोतिबानं श्वास रोखून मऊ फडक्याच्या बोळ्यानं रोगण हलकेच टिपलं, वाळू दिलं, पुन्हा टिपलं. तीट जागची हलली नाही.

पुढं वर्षानुवर्षं मी आक्कांच्या कपाटात राहिले. माणसांची एक खोड मला तिथं कळली. काळं दिसलं की अंगठ्याला थुंकी लावून पुसायला धावतात. आक्का तसं कधी करत नसत. त्या मला सकाळी खिडकीशी न्यायच्या, तिरकं धरून गालाकडं बघायच्या आणि हसायच्या. काय बघते ही बाई? मला काही कळेना.

यंदा देश स्वतंत्र झाला, गावोगाव झेंडे लागले, त्याच पावसाळ्यात आक्का गेल्या. ब्राह्मी आली. तिनं सगळं घर धुंडाळलं; आईचा एकही फोटो नाही. आक्का कधी फोटोला बसल्याच नव्हत्या.

"माझं रूप जपलंस, मग तुझं काय ठेवलंस गं?" म्हणत ती मला उराशी धरून रडली. मग तिला गालावरचा डाग दिसला. आईची बाहुली निदान स्वच्छ तरी करावी, म्हणून तिनं चाकू घेतला आणि मला उजेडात, खिडकीशी आणलं.

चाकू गालाला टेकला आणि तिथंच थांबला.

"अगं बाई! रेषा हाईत ह्येच्यात. बोटाच्या रेषा!"

झिलई असती तर नुसता उजेड चमकला असता. त्या बिनचकाकीच्या रोगणाखाली आक्कांच्या बोटाचा ठसा जसाच्या तसा होता. ब्राह्मीनं चाकू खाली ठेवला आणि आपलं बोट त्यावर अलगद टेकवलं. कितीतरी वेळ तिनं ते उचललं नाही.

तेव्हा आमच्याकडं कधी आलात, तर थुंकी लावून माझा गाल पुसायला धावू नका. मला खिडकीशी न्या, जरा तिरकं धरा आणि नीट बघा. दिसतं कसं तेवढं मात्र मला सांगा. गाल माझा असला, तरी मी अजून तो पाहिलेला नाही.