बोटुकली वाहणाऱ्या जीपची कबुली

या मित्रांनो, असे जवळ येऊन बसा. माझ्या पायरीवर बसलात तरी चालेल, ती अजून पक्की आहे. कीर्तनाला बसताना जसं मन मोकळं ठेवतात तसं ठेवा, म्हणजे तुम्हाला एक गोष्ट सांगते. हसू येईल, तेव्हा खुशाल हसा. पण गोष्ट माझ्या अपराधाची आहे.

मी एक जुनी जीप आहे. पोंभुर्ण्याच्या पलीकडे, जंगलाला लागून, बोरटोला नावाचं गाव आहे. तिथल्या तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, मी उभी असते. माझ्यावर आता जाळी वाळत घालतात. माझा मालक इस्तारी हा धीवर घरचा माणूस. इतर दिवशी मी सवाऱ्या वाहायची, बाजाराला मासोळी न्यायची. पण वर्षातून एक दिवस मोठ्या मानाचा असायचा. पावसाळ्यात तलाव भरला की दूरच्या केंद्रावरून मासळीचं बीज आणायचं. बोटुकली म्हणतात त्याला. बोटाएवढी पिल्लं, थोडं पाणी आणि हवा भरून बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत. त्यातली हवा संपायच्या आत ती तलावात पडली पाहिजेत. त्यावर गावाचं पुढचं सगळं वर्ष.

त्या दिवशी हरिदासबुवा पाळीवर कीर्तनाला उभे राहत. गावाचा रिवाज असा की, बीज येईपर्यंत कीर्तन थांबवायचं नाही. माझा आवाज आला की बुवा आख्यान असेल तिथं सोडत, गजर होई आणि गजरातच पिल्लं पाण्यात उतरत. बुवांना गावोगाव मीच न्यायची. माझ्या इंजिनाच्या ठेक्यावर ते गाडीतच पदं बसवत. म्हणत, "इस्तारी, तुही गाडी मृदंगापेक्षा सुरात हाये रे."

एवढं कौतुक पुरायला हवं होतं. मला पुरलं नाही.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. इस्तारीची बायको कुंता, तिचा भाऊ प्रफुल कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यात होता. तो सुटीत आला तो एक मासिक घेऊन. त्यात परदेशी मोटारी होत्या, जमिनीला पोट टेकलेल्या. चहाच्या टपरीवर तीन जीपवाले त्या मासिकावर असे वाकले, जसे पोथीवर वाकतात.

"भाऊजी, इंजिनाले मोकळा श्वास पायजे," प्रफुल म्हणाला, आणि माझी हवेची जाळी निघाली. रस्त्याची सगळी धूळ माझ्या घशात गेली. मी खोकू लागले.

"आयका, कशी गुरगुरून राह्यली! ही पावर हाये!" प्रफुल म्हणाला.

मग सायलेन्सर कापला. कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या. मागे पत्र्याचा पंख बसवला. वारा गाडीला खाली दाबतो म्हणे. वाऱ्याचं माहीत नाही, पण त्याच कोंबड्या रुसवा सोडून त्या पंखावर झोपायला लागल्या. बॉनेटवर आगीच्या ज्वाळा काढायच्या ठरल्या. आमच्या पेंटरनं जन्मभर देवळंच रंगवलेली. त्यानं अशा सुबक, शांत ज्योती काढल्या की हरिदासबुवांनी समोर येऊन हात जोडले.

माझा वेग मोजायचा काटा कित्येक वर्षं चाळीसवर अडकलेला होता. उभी असले तरी चाळीस! तेव्हा वेग इस्तारीच्या दुपट्ट्यावरून मोजत. दुपट्टा उडाला तर साठ, टोपीही उडाली तर ऐंशी.

"आज टोपी गेली बे!" इस्तारी टपरीवर सांगे.

"टोपी ढिली असन तुही," दुसरा जीपवाला म्हणे.

बुवा एकदा बसले आणि अर्ध्या वाटेत उतरले. "बापू, मले माह्याच आवाज आयकू येऊन नाई राह्यला," एवढंच म्हणाले आणि बैलगाडीनं गेले. मला वाईट वाटायला हवं होतं. मी मात्र टपरीवरची पोरं माझ्याकडे पाहतात की नाही, ते पाहत होते.

शेवटी प्रफुलनं माझे चाकांवरचे कमानपाटे सैल केले. दोन्ही बाजूंचे दोन-दोन पाटे काढले, तशी मी वीतभर खाली बसले. वर हुडाचं कापडही उतरवलं. काढलेले पाटे आणि हुड कुंतानं उचलून घरात खाटेखाली ठेवले.

आणि बीज आणायचा दिवस आला.

कुंता दरवर्षी पिशव्यांजवळ मागे बसायची, वरून ओलं पोतं धरून. केंद्रावर तीस पिशव्या भरल्या, तेव्हा तिनं आभाळाकडे पाहिलं. पावसानं उघाड दिली होती, ऊन चरचरत होतं.

"हुड काऊन नाई आणलं जी? पिल्लं तापतीन."

"हुडानं हवा अडते," इस्तारी म्हणाला. "तापाच्या आधी पोचवतो ना! आज पाह्य तू."

"बाई, तू फक्त दुपट्टा पाह्य," प्रफुल हसला.

आणि मी धावले. मित्रांनो, खरं सांगते, मला फार आनंद झाला. दुपट्टा उडाला. मागे ओलं पोतं वाऱ्यानं उडून गेलं होतं, कुंता दोन्ही हातांनी पिशव्या आवरत होती, "हळू जी, हळू!" म्हणत होती. माझ्याच गोंगाटात तिचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही.

बोरटोला दोन कोसांवर राहिलं असताना वाटेत एक धोंडा होता. वर्षानुवर्षं मी तो सहज ओलांडत असे. त्या दिवशी माझं पोट त्याच्यावर आपटलं. तेलाचं चेंबर फुटलं. तेल धारेनं मातीत गेलं आणि मी गप्प झाले.

"साबण लावून बुजवतो," इस्तारी खाली शिरला.

"अन् तेल कुठून आणसान?" कुंता म्हणाली. "चला, उचला पिशव्या."

"दहा मिनिटं थांब ना!"

कुंता थांबली नाही. तिनं लुगड्याचा पदर नाल्यात भिजवला, एक पिशवी डोक्यावर घेतली, दुसरी कमरेवर. पाण्याच्या दोन गुंड्या भरून आणाव्या तशी. आणि चालू लागली. मी तिच्याकडे पाहत राहिले. मान हलत नव्हती, पाणी डुचमळत नव्हतं. आठ वर्षं जे ओझं मी वाहिलं, ते कसं वाहायचं असतं हे मला त्या दिवशी कळलं.

इस्तारीची दहा मिनिटं संपता संपेनात. प्रफुल शेवटी बैलगाडी शोधायला पळाला. मागे माझ्या उघड्या पाठीवर अठ्ठावीस पिशव्या तापत होत्या. पिल्लं आधी भराभर फिरली. मग वर तोंड करून राहिली. मग एकेक पांढरं पोट दिसू लागलं. मला सावली धरता आली नाही. माझं हुड खाटेखाली होतं.

तिकडे पाळीवर बुवा सकाळपासून उभे होते. आख्यान संपलं, त्यांनी दुसरं लावलं. तेही संपलं. घसा बसला तरी ते नुसतं नाम घेत राहिले, कारण माझा आवाज आला नव्हता. आली ती कुंता, धुळीनं माखलेली, दोन पिशव्या घेऊन. गजर झाला, पण हळू झाला.

दिवस मावळायच्या आत बैलगाडीतून उरलेल्या पिशव्या आल्या. त्यांत एकही पिल्लू जिवंत नव्हतं. इस्तारीनं सगळ्यांपुढे पाळीवर डोकं टेकलं. "माह्या हौसेनं तुमच्या वर्षाचा घास गेला."

बुवांनी त्याला उठवलं. बसलेल्या आवाजात म्हणाले, "गाडीले कोणी शिव्या देऊ नका बापा. ते मुकी हाये, तिले का समजते?"

मित्रांनो, हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मुकी खरी. पण मला समजत होतं. आणि मला ते सगळं आवडलं होतं.

त्या वर्षी तलावात जाळं पडलं नाही. धीवरांची घरं मजुरीला चंद्रपूरकडे गेली. प्रफुलनं पुढच्या सुटीत येऊन स्वतःच्या हातानं पाटे परत बसवले. सायलेन्सर आला, पंख कोंबड्यांच्या खुराड्याला लागला. इस्तारी ज्योतींवर रंग फासायला निघाला, तेव्हा कुंतानं त्याचा ब्रश धरला.

"राहू द्या जी. दिवे हायेत ते. दिसत राह्यले पायजे."

पुढे बारा वर्षं मी बीज आणलं. त्या धोंड्याजवळ इस्तारी मला बैलाच्या चालीनं न्यायचा, आणि मागे कुंता ओलं पोतं धरून बसलेली असायची. तिच्या त्या दोन पिशव्यांतली पिल्लं पुढल्या वर्षी मोठी होऊन गावाच्या जाळ्यात आली, तेव्हा पहिली रोहू बुवांनी तिच्याच हातानं काढायला लावली.

आता कुंता नाही. माझा रंग उडाला, ज्योती तेवढ्या पुसट दिसतात. तुम्ही गाड्या जरूर सजवा. पण गाडी कुणासाठी धावते, ते आधी पाहा आणि मागून कोणी "हळू" म्हणालं तर ऐका. आणि एवढं मागते: तलावात कधी मासोळी उसळताना दिसली, तर भर उन्हात दोन कोस मान न हलवता चालणाऱ्या कुंताबाईची आठवण काढा. माझी नाही काढली तरी चालेल.