पारोळ्याला झोपणारी गाडी

माझ्या पाळणाघराची नोंदणी झाली. आता हे झालंच नाही असं समजा, मीही समजतो.

तर, मी नवल. एसटीत कंडक्टर होतो, जळगाव-धुळे. गर्दीत चढणाऱ्या बाया आधी लेकरू माझ्या हातात द्यायच्या, मग सुट्टे शोधायच्या. तिकिटं कमी फाडली, लेकरं जास्त सांभाळली. शेवटी राजीनामा दिला आणि जळगावात घरच्या हॉलमध्येच पाळणाघर काढलं.

"परमनंट नोकरी सोडीसन लेकरे सांभाळस?" माझे वडील, आबा, म्हणाले. "नोंदणी नही भेटनी तं?"

"तर बंद."



नोंदणी ऑफिसच्या सविता मॅडम तपासणीला आल्या तेव्हा आमची दुपारची गाडी सुटत होती. म्हणजे छोट्या खुर्च्या दोन रांगांत, पुढे ताट फिरवणारी चार वर्षांची मृणाली ड्रायव्हर. लेकरं झोपवायची मला हीच एक पद्धत येते.

"कुठे?" सवयीने तोंडातून निघालं.

"धुळे," त्याही सवयीने म्हणाल्या. धुळे-जळगाव रोजचं अप-डाऊन त्यांचं. शेवटची खुर्ची रिकामी होती, बसल्या.

मी डबल बेल दिली आणि एकेक थांबा पुकारत गेलो. एरंडोलला दोघं पेंगली. पारोळ्याला ड्रायव्हर सोडून सगळी गाडी झोपली. मॅडमही. पर्स छातीशी, डोकं खिडकीला टेकलेलं. खिडकी नव्हती, कपाट होतं.

मी उठवायला गेलो तर मृणालीने डोळे वटारले. "कंडक्टर, धुळं कुठे आलंय अजून?"

आबा दारातून म्हणाले, "सरकार झोपी गयं. आते तुनं काही खरं नही."

शेवटी थांब्याची एक बेल मारली. "धुळे! चला, उतरा!"

मॅडम ताडकन उठल्या आणि थेट गेटबाहेर. रिक्षात बसून "देवपूर" म्हणाल्याही.

"देवपूर धुळाले शे, ताई. हाई जळगाव," रिक्षावाला म्हणाला.

माझी फाईल कोरी, नोकरी सोडलेली आणि अधिकारी रिक्षात. संपलं, म्हटलं.

मॅडम परत आल्या त्या हसत; इतक्या, की अख्खी गाडी जागी झाली. "खऱ्या एसटीतही अशी झोप लागत नाही हो!" मग त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं, संडास पाहिला, माठात डोकावल्या आणि सही केली. आबांनी लेकरांना केळी वाटली. एक मॅडमना, सोलून.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या ऑफिसातले आणखी तिघं फेरतपासणीला आले. उशा घेऊन.

सबब, दुपारच्या फेरीस होणारी अधिकाऱ्यांची गर्दी पाहता, माझ्या हॉलमधून धुळ्यासाठी एक जादा गाडी सोडण्यास मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.