कार्ड सुटतं कसं?

माझ्या सासऱ्यांना एकच खेळ हवा होता. एकच! नवऱ्याने त्यांच्यासाठी हजारो खेळ आणले आणि त्यातला एकही धड चालेना.

अप्पा ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. उभा जन्म शिकाऊ लोकांच्या शेजारी बसण्यात गेला. पुढचा शिकाऊ येईपर्यंत गाडीत बसून हातातल्या छोट्या यंत्रावर गाड्यांची शर्यत खेळायचे. मग पक्षाघाताचा झटका आला. चालणं, बोलणं परत आलं, पण उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट रुसून बसलं ते बसलंच. फिजिओथेरपीच्या बाईंनी रबरी चेंडू दिला, कपडे वाळत घालायचे चिमटे दिले. ‘चिमटीत आत्ता जोर आला नाही, तर बोटं कायमची अशीच राहतील,’ असं तोंडावर सांगितलं. अप्पांनी चेंडू कपाटामागे भिरकावला. “मी काय रांगतोय?” शर्टाची बटणं रोज मी लावायची आणि तेवढा वेळ त्यांनी भिंतीकडे बघायचं. मला फार वाईट वाटायचं, त्यांना तर माझ्याहून जास्त.

एके दिवशी स्वतःहून म्हणाले, “माझा तो खेळ आणा, त्यावर करतो बोटांचा व्यायाम.” म्हटलं, देव पावला! पण जुनं यंत्र आतमध्ये सेल फुटून गंजलेलं.

“त्यात काय! मी बनवतो की,” नवरा म्हणाला. मी तिथेच कपाळाला हात लावला.

हा घरूनच काम करतो. दिवसभर दार लावून मीटिंगा. त्याने पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर मागवला. नुसता बोर्ड, त्याला पडदा आणि बटणं आपण जोडायची. त्यात नखाएवढं मेमरी कार्ड घालायचं, कार्डात हजारो जुने खेळ आणि एमुलेटर. म्हणजे जुन्या खेळाला ‘तू अजून तुझ्या जुन्या यंत्रातच आहेस बरं’ असं पटवणारा प्रोग्रॅम. खेळ भोळा असतो, त्याला पटतं. पटत नाही ते पडद्याला आणि बटणांना.

आधी पडदाच लागेना. मग लागला तर आवाज गाडीच्या मागून चालत यायचा. मग ब्रेक दाबला की गाडी सुसाट. अप्पा शेजारी खुर्ची टाकून बसलेले. “घाई नको. आधी आरसा बघ, मग गिअर,” असं त्यांचं चालू. नवरा हसायचा, चिडायचा, त्यांना बटणं दाबून बघायला लावायचा. नमनाला घडाभर तेल गेलं, पण शेवटी गाडी पळाली. अप्पांनी एक फेरी मारली. नवऱ्याने टाळी वाजवली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पडदा काळा. लाल दिवा लागलेला, बाकी काही नाही.

झालं! नवऱ्याने जगभरच्या जाणकारांना इंटरनेटवर साकडं घातलं. एकाने विचारलं, ‘चार्जर कुठला?’ दुसऱ्याने दम भरला, ‘आधी जुनी उत्तरं वाचा.’ तिसऱ्याने कळवलं, ‘मलाही हाच त्रास होता, आता गेला.’ कसा गेला ते सांगायची काय गरज! चार्जर बदलला, वायर बदलली, पडदा बदलला. चोर सोडून संन्याशाला फाशी. शेवटी दिसलं काय, तर कार्ड अर्धं बाहेर आलेलं. आत ढकललं, खेळ सुरू. नवरा खोलीत. सकाळी पुन्हा काळा पडदा, पुन्हा दोघे जवळ बसून खाटखूट.

असं होतच राहिलं. मग नवऱ्याने सिद्धांत काढला. खेळातल्या गाडीच्या घरघरीने बोर्ड थरथरतो, म्हणून कार्ड सुटतं. जाणकारांनी तो उचलून धरला. एका उंटावरच्या शहाण्याने तर सांगितलं, कार्ड गोंदाने कायमचं चिकटवून टाका. नवरा तडक गोंद आणायला गेला.

मी वाळलेले कपडे घेऊन आत आले, तर अप्पा यंत्रावर वाकलेले. जीभ दातांत धरलेली. उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने, हो, त्याच दोन बोटांनी, ते कार्ड चिमटीत धरून हळूहळू बाहेर ओढत होते. माझ्या हातातले कपडे पडले.

“अप्पा! अहो, तुमची बोटं!”

ते दचकले. बोटांकडे त्यांचं लक्षही नव्हतं. “त्याला सांगू नकोस गं,” म्हणाले. “हे चालू झालं की तो उठून जातो.”

मला रडूही आलं आणि संतापही. मी कार्ड आत ढकललं. तेवढ्यात नवरा गोंद घेऊन हजर. त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं तोंडावर फेकलं.

तो म्हणाला, “म्हणजे चार्जर चांगला होता?”

“अरे दगडा! काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाप शेजारी बसावा म्हणून कार्ड काढतोय, आणि तू गोंद लावतोयस?”

तेव्हा कुठे त्याचा चेहरा उतरला. गोंदाची नळी कचऱ्यात टाकून तो बाहेर गेला.

बाहेर शर्यत चालू होती. अप्पांनी त्याला पाहिलं आणि घाईघाईने म्हणाले, “अरे, आवाज जरा फाटतोय बघ.”

नवऱ्याने यंत्राला कान लावला. आवाज ठणठणीत होता, मला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ऐकू येत होता.

“हो की,” तो म्हणाला. “चांगलाच फाटतोय. वेळ लागेल याला.” त्याने जाऊन आपल्या खोलीतली खुर्ची उचलून आणली आणि अप्पांच्या शेजारी मांडली. “पण आधी शर्टाची बटणं लावा. तुम्हीच. मी बसलोय इथे, कुठे जात नाही.”

अप्पांनी माझ्याकडे असं रागाने पाहिलं की मी शिकाऊ असते तर गाडी खांबावर घातली असती. मग मान खाली घातली आणि उजव्या हाताने वरचं बटण धरलं.

“घाई नको,” नवरा म्हणाला.