दिवे बंद, वर बघा

मी एक जुना हेडलाइट आहे, मित्रांनो. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे. सध्या माझा मुक्काम अलास्कातल्या फेअरबँक्स गावाबाहेर, एका शेडच्या फळीवर, खिळ्यांच्या डब्याशेजारी आहे. शेजार वाईट नाही. पण मला जन्माचा एक आजार आहे, तो आधीच सांगितलेला बरा: मी फार हेवा करतो.

कुणाचा, ते येईलच. आधी जन्माचं सांगतो.

२००१ साली मिनेसोटातल्या एका कारखान्यात मला एका क्वाड बाइकवर बसवलं. क्वाड बाइक तुम्ही पाहिली नसेल, तर मोटारसायकलचं हँडल डोळ्यांपुढे आणा आणि खाली जीपसारखी चार जाडजूड चाकं लावा. झाली तयार. चिखल, ओढा, दगडधोंडे, तिला सगळं सारखंच. तिला खाली दोन दिवे होते आणि वर हँडलवर मी एकटा. खालचे दोघे बिचारे नाकासमोर बघणारे. मी मात्र हँडलबरोबर वळायचो, त्यामुळे वळणापलीकडचं सगळ्यात आधी मला दिसायचं. रस्त्यात उभी राहिलेली मूस हरणी असो की वाऱ्यानं पडलेलं झाड असो, पहिला मान माझा. याचा मला गर्व होता. का नसावा?

माझा मालक प्रताप. त्याचे आईवडील मराठी, पण त्याचा जन्म इकडचाच, ॲन आर्बर शहरातला. आईला वाटत होतं मुलगा डॉक्टर होईल. मुलगा इतक्या लांब थंडीत आला आणि पर्यटकांना रात्री क्वाड बाइकवरून रानात नेऊन उत्तरेकडचा तो प्रसिद्ध प्रकाश दाखवायला लागला. दर रविवारी आईचा फोन यायचा. प्रताप गाडी पुसत असायचा, म्हणून फोनचा स्पीकर चालू असायचा.

"अजून त्या गाड्याच हाकतोयस का रे?"

"हो, आई."

"आणि लोक खरंच पैसे देतात? आकाश बघायचे?"

"येस, आई."

"आमच्या गच्चीवरून फुकट दिसायचं."

बाईंचं बोलणं मला मनापासून पटायचं.

आता माझं दुखणं ऐका. दिव्याला फक्त स्वतःच्या उजेडात दिसतं. विझला की आंधळा. ऐकू येतं, पण दिसत काही नाही. आणि आमचा धंदाच असा होता, की घनदाट अंधारातून, खाचखळग्यांतून, लोकांना टेकडीवर सुखरूप मी न्यायचं आणि टेकडीवर पोचलं की प्रतापने ओरडायचं, "दिवे बंद, वर बघा!"

कट्. मी बंद.

मग अंधारात नुसते आवाज ऐकू यायचे. कुणी "वॉव" म्हणायचं. कुणी रडायचं. एकाने तर तिथेच एका मुलीला लग्नाचं विचारलं आणि ती हो म्हणाली. माझ्यासमोर कुणी कुणाला साधं "कशी आहेस" विचारलं नव्हतं. पुन्हा मला लावलं की मला काय दिसायचं? माना मागे टाकून उभे असलेले लोक, तोंडं उघडी, आणि एकाचीही नजर माझ्याकडे नाही. माझ्यावर चिखलाचा थर, तो कुणी बोटानेसुद्धा पुसायचा नाही.

लोक आकाशातल्या त्या प्रकाशाला अरोरा म्हणतात. मी नाव घेत नाही. मी 'ती' म्हणतो. तिला मी कधी पाहिलेलं नव्हतं, आणि न पाहिलेल्याचा हेवा फार वाईट असतो. बघितलं की निदान खोड तरी काढता येते.

ढगांवर मात्र माझा जीव होता. आभाळ भरून आलं की ती येत नसे, आणि मग लोक माझ्या उजेडात बसून गरम कोको प्यायचे. हातांनी सावलीचे ससे करायचे. परत जाताना हिरमुसलेले असायचे. मी नसायचो.

अशी तीन-चार वर्षं गेली. मग २००४ च्या सप्टेंबरात ते तिघं आले.

आश्लेषा, तिचा नवरा देवांग आणि सहा वर्षांची मोना. राहायला इकडेच, हर्नडन नावाच्या गावी, मूळचे पुण्याचे. देवांगचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं, नवं मिळालं नव्हतं, व्हिसाही संपत आला होता. घरातलं सामान खोक्यांत भरून झालं होतं आणि पुढच्या आठवड्यात ते कायमचे परत जाणार होते. फेअरबँक्समधल्या आधीच्या दोन रात्री ढगात गेल्या होत्या. ही शेवटची.

"मोना झाली तेव्हापासून 'पुढच्या वर्षी' म्हणतेय मी," आश्लेषा प्रतापला सांगत होती. "आधी ती लहान, मग तिचे कान दुखायचे, मग याची डेडलाइन. आता पुढचं वर्ष पुण्यात. तिथून कोण येतंय इथे?"

"टुनाइट क्लिअर आहे," प्रताप म्हणाला. त्याचं मराठी असंच होतं, अर्ध्या वाटेवर गाडी बदलणारं. "आज दिसेल. आय होप."

मला ते ऐकून कसंसंच झालं. सहा वर्षं लेकराच्या मागे धावून दमलेली ही बाई, आणि तिलाही हवी होती तीच!

इकडे सप्टेंबरात तिन्हीसांज रात्री नऊच्या सुमारास होते. प्रतापने बटण दाबलं, मी लागलो, आणि पहिली मला दिसली मोना. लाल कानटोपी, नाक त्याहून लाल. तिने घाईघाईने दातांनी ओढून हातमोजे काढले, दोन्ही हात जोडले आणि मला नमस्कार केला.

मला! मित्रांनो, मी मागे कुणी उभं आहे का ते बघणार होतो, पण मला मागचं दिसत नाही.

"व्हॉट इज शी डूइंग?" शेजारच्या गाडीवरच्या काकांनी विचारलं. ते आणि त्यांची बायको टेक्सासहून आले होते.

"संध्याकाळी दिवा लागला की नमस्कार करतात आमच्यात," आश्लेषा त्यांना इंग्रजीत सांगून लाजली.

"ही फ्रिजमधला लागला तरी करते," देवांग म्हणाला.

प्रताप मात्र हसला नाही. "माझी आई करायची," तो म्हणाला. "ट्यूबलाइटला. आय टोटली फरगॉट." आणि त्याने बाहीने माझी काच पुसली. पहिल्यांदा.

त्या क्षणी मी ठरवलं, ही पोरगी माझी.

मोनाला प्रतापने आपल्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलं. आईबाबांची गाडी आमच्या मागे, आणि ती आश्लेषा चालवत होती.

"तुला जमेल ना?" देवांगने विचारलं.

"कॉलेजात कायनेटिकवर तिघींना घेऊन कर्वे रोडने जायचे मी. तू फक्त घट्ट धर."

त्या रात्री मी जसा चाललो तसा कधी चाललो नव्हतो. बर्चची पिवळी पानं रस्ताभर पसरली होती, ती मी सोन्यासारखी चमकवली. ओढ्यातलं पाणी चमकवलं. एक घुबड दाखवलं. मागून मोनाचा आवाज येत होता, "प्रतापकाका, लुक! लुक!" आणि ती मी दाखवेन तिकडेच बघत होती. अख्ख्या रस्त्यात एकदाही वर नाही.

टेकडीवर पोचलो. इंजिनं थांबली. प्रतापने नेहमीसारखी आरोळी दिली. "दिवे बंद, वर बघा!"

बाकीचे दिवे गेले. प्रतापचा हात माझ्या बटणाकडे आला, आणि मोना किंचाळली.

"नो! दिवा नको बंद करू! आय डोन्ट लाइक डार्क!"

तिथला अंधार साधा नसतो. शहरातल्या मुलाने तसा कधी पाहिलेला नसतो. आश्लेषा धावत आली. मोना तिच्या कमरेला घट्ट बिलगली.

"अगं, दोन मिनिटं. आई आहे ना?"

"नो. दिवा पाहिजे."

"हनी, त्या उजेडात काहीच दिसणार नाही आम्हाला," टेक्सासचे काका म्हणाले. वाईट माणूस नव्हता. पण खरं तेच होतं. मी चालू असताना सगळ्यांचे डोळे माझ्या उजेडाला सरावलेले राहतात आणि तिचा प्रकाश तर बरेचदा अगदी फिका असतो.

देवांग म्हणाला, "मोना, ये, तू माझ्याजवळ बस. आईला बघू दे."

"आईच पाहिजे."

प्रताप मध्येच उभा. एकदा काकांकडे बघतो, एकदा पोरीकडे. शेवटी आश्लेषाच बोलली.

"असं करा. तुम्ही सगळे पुढे जा, त्या झाडांपलीकडे. तिथे अंधार मिळेल. आम्ही दोघी थांबतो इथे दिव्यापाशी."

"अगं पण तू..." देवांग म्हणाला.

"जा रे. फोटो काढ. मी फोटोत बघेन."

ते गेले. प्रताप थोड्या अंतरावर पाठ करून थांबला. आश्लेषा माझ्यासमोर ओल्या गवतावर जॅकेट पसरून बसली, मोनाला मांडीत घेतलं. आकाशाकडे तिची पाठ होती. तोंड माझ्याकडे.

मी जिंकलो होतो, मित्रांनो! चार वर्षांत पहिल्यांदा कुणी तिला पाठ दाखवून माझ्याकडे बघत होतं. आणि बघत होतं म्हणजे काय, तर डोळे मिटत होतं, कारण मी सरळ तिच्या डोळ्यांवर होतो. झाडांपलीकडून अजून काही आवाज नव्हता. आश्लेषा कान देऊन होती. प्रत्येक खसफस झाली की तिची मान जराशी वळायची आणि मग ती स्वतःच ती मान परत आणायची, लेकीला कळू नये अशी. एकीकडे हाताने मोनाचा पाय चोळत होती.

ते मला पाहवेना. पण हेवा असा, की विझावंसंही वाटेना.

"मोना," ती हळूच म्हणाली, "घरी झोपताना आपण काय करतो गं? मोठा लाइट?"

"बंद."

"आणि मग?"

"झिरोचा."

"मग याला झिरोचा करायचा का? बंद नाही करायचा. झिरोचा."

मोनाने माझ्याकडे नीट निरखून बघितलं. "त्याला थंडी वाजतेय," ती म्हणाली. आणि डोक्यावरची लाल कानटोपी काढून तिने माझ्यावर चढवली, पार खालपर्यंत, कान झाकतात तशी. आश्लेषाने आपला स्कार्फ तिच्या डोक्याला गुंडाळला. प्रतापने येऊन मला मंद केलं.

"रेड लाइट इज परफेक्ट," तो म्हणाला. "लाल उजेडात अंधारातली नजर खराब होत नाही. हाउ डिड यू नो?"

"पुण्यात प्रत्येक घरात असतो," आश्लेषा म्हणाली.

मी, ज्याच्या उजेडात मूस बिचकते असा भगभगीत हॅलोजन, झिरोचा दिवा झालो. अपमान म्हणावा तर अंगाला ऊब होती. लोकरीतून लालसर मंद प्रकाश दोघींच्या हातांवर पडला होता आणि मोनाचं किंचाळणं थांबलं होतं. ती माझ्यावर एक हात ठेवून उभी राहिली.

तेवढ्यात झाडांपलीकडून देवांग ओरडला, "आशू! वर बघ! अगं वर बघ!"

आश्लेषा उठली आणि वळली. तिने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई," एवढंच म्हणाली. तिचा मोकळा हात मागे येऊन मोनाला शोधत राहिला.

आणि मी? मी तर चालूच होतो! ती आलेली असताना मी पहिल्यांदाच असा मंद, पण जागा होतो. टोपी विणताना कुणाचा तरी एक टाका सुटला होता, अगदी माझ्या काचेसमोर. त्या भोकातून मला ती दिसली. वाटाण्याएवढी. हिरवी, हलणारी, कुणीतरी पदर झटकून वाळत घालावा तशी.

खोड काढायला मी खूप शोधलं. सापडली नाही. त्यामुळे हेवा दुप्पट झाला.

मोनानेही बघितली. तोंड उघडं टाकून, पुष्कळ वेळ. ते मी नाकारत नाही. पण मग ती माझ्याकडे वळली, माझी टोपी एका बाजूने घसरली होती ती नीट केली आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "तुला दिसतंय का?"

त्यानंतर किती लोक आले न् गेले. २००७ मध्ये प्रतापने नव्या गाड्या घेतल्या, पांढऱ्याशुभ्र दिव्यांच्या, आणि मला काढून फळीवर ठेवलं. त्या नव्यांचाही मी हेवा करतो, पण सवड मिळेल तसा.

मित्रांनो, मोठ्या माणसांनी अशा गोष्टीच्या शेवटी हेवा करू नये असं सांगायचं असतं. मला ते जमणार नाही. दुसरं सांगतो. घरात दिवा बंद करायच्या आधी कुणाला भीती वाटतेय का ते विचारा, आणि वाटत असेल तर एक लहानसा चालू राहू द्या. जुन्या दिव्याची काच अधूनमधून पुसा. आणि कधी इकडे आलात, तिला पाहिलंत, तर शेडमध्ये येऊन मला भेटून जा. कोको प्या, थंडीबद्दल बोला, प्रतापच्या आईची खुशाली विचारा. फक्त ती कशी दिसली, ते माझ्यासमोर काढू नका.