पहिला अंक कुठला?

भिंगरी हे नाव तिच्या बाबाने ठेवलं, कारण ती कधी थांबायचीच नाही. ना पायांनी, ना तोंडाने. शाळा बदलल्यापासून मात्र तिचं बोलणं "हो", "नाही" आणि "माहीत नाही" एवढ्यावर आलं होतं. मी तिचा डबा तपासायची, कुरतडलेली नखं बघायची, झोपेत काही पुटपुटते का ते कान देऊन ऐकायची. हाती काही लागत नव्हतं. आणि परवा जेवताना ती आपण होऊन म्हणाली, "आई, मला कॉमिक्स जमवायची आहेत."

चक्क पूर्ण वाक्य! माझा घास हातातच राहिला. "कुठली गं?"

"ती कंदीलवाल्या मुलीची. वर्गात एका मुलीकडे आहेत."

"मैत्रीण आहे का तुझी?"

"माहीत नाही." झालं, दार पुन्हा बंद.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर दुकान गाठलं. चांगली एम.ए. झालेली बाई मी, चित्रांचं पुस्तक घेण्यात अवघड ते काय?

"कंदीलवालीचा पहिला अंक द्या."

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला. "कुठला पहिला, ताई?"

"अहो, पहिला म्हणजे पहिला!"

"जुना पहिला आता मिळत नाही. मध्ये मालिका बंद पडली, मग नव्याने निघाली, तिचा एक पहिला. शिवाय ती लहान असतानाची गोष्ट आहे. निघाली नंतर, पण घडते आधी. तिचाही पहिला आहेच."

"मग सुरुवात कुठून करायची?"

"लोक कुठूनही करतात," तो म्हणाला आणि मला आणखीच धसका बसला. चुकीचं काही नेलं आणि तिने ते बाजूला सारलं, तर? पुन्हा कधी काही मागेल का ती?

नव्या मालिकेच्या फळीवर दोन अंकांवर 'एक' छापलेलं होतं. एकावर ती मुलगी गच्चीवर, दुसऱ्यावर बोगद्यात. दोन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद.

"आत बघू का जरा?"

"पिशवी उघडली की जमवणारे हात लावत नाहीत, ताई."

मी दोन्ही उचलले. "दोन्ही? वा! म्हणजे मुरलेल्या दिसताय," तो म्हणाला. काय मुरलं ते कळलं नाही, पण मी मान डोलावली.

घरी भिंगरीने दोन्ही पिशव्या टराटरा फाडल्या. एक अंक चाळला, मग दुसरा. मग दोन्ही शेजारी ठेवून पानाला पान लावून पाहिलं.

"आई, हे तेच आहे."

"तेच कसं असेल? ह्याच्यात गच्ची आहे, ह्याच्यात बोगदा."

"फक्त वरचं चित्र वेगळं आहे. आत तेच."

तिच्या बाबाला हसू आवरेना. "तुझ्या आईने एकच पुस्तक दोनदा आणलं!"

मी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो चहाचा कप घेऊन उठलाच. "बदलून आणते मी," असं म्हणाले खरी, पण पिशव्यांच्या तर चिंध्या झाल्या होत्या. भिंगरीचे ओठ हलत होते. रडते की हसते, काही कळेना. मग तिने बोगदावाला अंक माझ्याकडे सरकवला.

"तू हे वाच, मी हे. पान एकदम उलटायचं."

मी वाचायला लागले.

"अगं, तिकडून नाही! आधी वरचा चौकोन."

"पण हा माणूस तर आधीच..."

"तो नंतर बोलतो. आधी ती."

"आणि हे ढगासारखं?"

"ते तिच्या मनातलं. ते मोठ्याने नाही वाचायचं."

"मनातलं मग आपल्याला कसं कळतं?"

तिने कपाळावर हात मारला. "लिहिलेलं असतं ना, आई!"

पुढच्या पानावर एक टोपीवाला उगवला. हा कोण, असं मी विचारायच्या आतच तिची टकळी सुरू झाली. "शेजारची म्हणते हा हिचा काका आहे. मी म्हटलं, काका असता तर कंदील कशाला चोरला असता? तर ती म्हणाली, पैज लाव."

शेजारची? बाकावरची? पैज कधी लागली? मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिने कोपराने ढोसलं. "उलट ना!"

मी पान उलटलं. काका कुठला, कंदील कुणाचा, मला ओ की ठो कळत नव्हतं. ती बोलतच होती.